कोबी टिकतो, मग टोमॅटो का गारठतो?

प्रश्न : पौषात रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी पडतात, वाढ थांबते. शेजारच्या वाफ्यातल्या कोबीला काहीच होत नाही. डीएपी टाकूनही फरक नाही. असं का?
— एक भाजीपाला उत्पादक, कडोली (ता. बेळगाव)

उत्तर : डीएपीची पिशवी आधी बाजूला ठेवा. जांभळेपणा स्फुरद कमी पडल्याची खूण. स्फुरद बहुधा जमिनीत आहेच, पण गारठलेल्या मुळांना तो उचलता येत नाही. ऊब आली की नवी पानं हिरवी फुटतात.

आता कोबीचं. थंडी लागताच पेशीचं आवरण ताठरतं, कॅल्शियम आत शिरतं आणि ‘आइस-१’ हे प्रथिन इतर जनुकांना हुकूम सोडणारी ‘सीबीएफ’ जनुकं चालू करतं. कोबीच्याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यात हे १५ मिनिटांत दिसतं. सीबीएफपासून बनलेली प्रथिनं मग थंडीपासून बचाव करणाऱ्या ‘कॉर’ जनुकांच्या आधीच्या भागात, ‘सीसीजीएसी’ ही डीएनएची अक्षरं असतील तिथं, जाऊन बसतात. काही तासांत कॉर जनुकं कामाला लागतात. पेशीत साखर, प्रोलिन (एक अमिनो आम्ल) साठतं. रोप पुरतं काटक व्हायला मात्र आठवडाभर तरी जातो.

टोमॅटोतही सीबीएफची तीन जनुकं सापडली. पण थंडीनं त्यांतलं ठळकपणे एकच जागं होतं, आणि त्याच्या हुकमात चालणारी जनुकं मोजकीच. मुखिया आहे, गडी नाहीत!

ही उणीव खतानं भरत नाही. लावणीआधी ७ ते १० दिवस रोपांना पूर्ण ऊन द्या, पाणी कमी करा (सुकू मात्र देऊ नका), युरिया बंद ठेवा. टोमॅटोचा कोबी होणार नाही, पण लावणीचा धक्का कमी बसेल. थंड रात्रीआधी दिवसा हलकं पाणी द्या. ओली जमीन उन्हाची ऊब धरते. कमानींवर प्लास्टिक सूर्यास्ताआधी, पानांना न टेकेल असं ओढा.

चूक होते ती सकाळी. ऊन चढलं तरी प्लास्टिक तसंच राहतं, आत उकडतं, रोपं मऊ पडतात. शिवाय उबेत सीबीएफ लगेच थंडावतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये आठवड्याचा काटकपणा एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून आठ-नऊला प्लास्टिक काढाच.

पीक फुलावर असेल तर वेगळी अडचण : रात्री सतत १३ अंशांखाली राहिल्या की परागकण नीट बनत नाहीत, फुलं गळतात. तेव्हा नत्र वाढवू नका. पाला माजेल, फळ धरणार नाही.