वाचकांचे प्रश्न : गिरणीची चिमणी आणि परळचे मनोरे

प्रश्न : मी सोलापुरात गिरणी कामगाराच्या घरी वाढलो. आमच्या लहानपणी गावात सर्वांत उंच काय, तर गिरणीची चिमणी. आता मुलगा मुंबईला लोअर परळमध्ये नोकरी करतो. तिथल्या इमारतींचे टोक पाहताना मान दुखते. इतक्या उंच इमारती बांधण्याची सुरुवात कुठे आणि कशामुळे झाली? गिरण्या तिथेही बंद पडल्या आणि आमच्याकडेही; मग मनोरे तिथेच का उभे राहिले?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण इमारत किती उंच जाईल हे अभियंत्याच्या आधी जागेचा भाव ठरवतो.

या इमारतींचे जन्मस्थान म्हणून शिकागोचे नाव घेतले जाते. १८७१ च्या आगीत त्या शहराचा मोठा भाग भस्मसात झाला आणि पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा सरोवर, नदी आणि रेल्वेची यार्डे यांच्या कचाट्यात सापडलेल्या मध्यवर्ती व्यापारी भागात जमिनीचे भाव चढत गेले. जागा आडवी वाढत नव्हती, म्हणून मजले वाढवणे भाग होते. अडचण भिंतींची होती. वरच्या मजल्यांचा सारा भार भिंतींनीच पेलायचा असेल, तर मजल्यांबरोबर तळाची भिंत जाड होत जाते. १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीत, तिच्या सोळा मजल्यांसाठी, तळाच्या विटांच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड ठेवाव्या लागल्या. त्या ओझ्याने इमारत मऊ जमिनीत अर्ध्या मीटरच्या आसपास खचली. शिवाय ज्या तळमजल्याला सर्वाधिक भाडे मिळायचे, तिथलीच जागा भिंतींनी खाल्ली.

यावरचा उपाय आपल्याकडच्या माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला चटकन कळेल. अशा घरात छताचा भार बव्हंशी लाकडी खांब आणि तुळया पेलतात आणि भिंतीकडे मुख्यतः आडोशाचे काम उरते. हेच तत्त्व लोखंड आणि पोलाद यांच्या सांगाड्यात उतरले. विल्यम ले बॅरन जेनी यांनी शिकागोत १८८५ मध्ये उभारलेली दहा मजल्यांची होम इन्शुरन्स इमारत ही पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. तिच्या काही भिंतीही भार पेलत होत्या, त्यामुळे 'पहिली' या बिरुदावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो मला रास्त वाटतो.

सांगाड्याइतकेच श्रेय लिफ्टला द्यावे लागते. दोर तुटला तरी पाळणा जागीच अडकून राहील अशी व्यवस्था एलिशा ओटिस यांनी १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर दाखवली. तोपर्यंत जिने चढावे लागत असल्याने वरच्या खोल्या स्वस्तात जात. लिफ्ट आल्यावर हा हिशेब उलटा झाला आणि उजेड, वारा व दृश्य यांसाठी लोक वरच्या मजल्याला जास्त पैसे मोजू लागले.

न्यूयॉर्कमध्ये या इमारतींना एक वेगळाच आकार आला, आणि तो वास्तुरचनाकाराच्या कल्पनेपेक्षा कायद्यातून आला. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या इक्विटेबल या अडतीस मजली इमारतीने आसपासच्या रस्त्यांवर आणि शेजाऱ्यांवर सावली पाडली, ओरड झाली, आणि १९१६ च्या नियमाने ठरावीक उंचीनंतर इमारत मागे सारत न्यावी असे बंधन घातले. भूखंडाच्या फक्त चौथाई भागावर हवे तितके उंच जाण्याची मुभा होती. म्हणूनच त्या काळच्या अनेक इमारती उतरंडीसारख्या निमुळत्या होत गेलेल्या दिसतात. १९३१ मध्ये खुली झालेली ३८१ मीटर उंचीची एम्पायर स्टेट इमारत याच घडणीची आहे. ती सुमारे चारशे दहा दिवसांत उभी राहिली, पण मंदीमुळे भाडेकरू मिळेनात आणि लोक तिला 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामी, म्हणू लागले.

पुढची मोठी झेप ढाक्याजवळ जन्मलेले अभियंते फझलुर रहमान खान यांची. उंचीबरोबर वजनापेक्षा वाऱ्याचा रेटा हा मोठा शत्रू ठरतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी इमारतीचा बाहेरचा घेर जवळजवळच्या खांबांनी बांधून तिला पोकळ नळीसारखी ताकद दिली. बांबू आतून पोकळ असूनही वाकवायला कठीण जातो, तसाच हा प्रकार. अशा नऊ नळ्यांची जुडी म्हणजे शिकागोचा १९७० च्या दशकातला ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर.

आता परळकडे वळू. मुंबईचा दक्षिण भाग समुद्राने वेढलेली चिंचोळी पट्टी आहे, तिथे शहराला पसरायला उत्तरेखेरीज दिशा नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यावर शेकडो एकर जमीन मोकळी होण्याच्या मार्गावर आली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीत आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच लागू केली. त्यामुळे सार्वजनिक वाटा फार आटला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा २८० मीटर उंचीचा 'वर्ल्ड वन' हे या साऱ्या व्यवहाराचे सर्वांत ठळक फळ. या मनोऱ्यांत मला स्थापत्यापेक्षा त्या दुरुस्तीची अक्षरे अधिक दिसतात.

सोलापुरातही १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या आणि इथेही भोंगे थांबले. मात्र सोलापूरच्या चहूबाजूंना सपाट माळ आहे. विजापूर रस्ता, होटगी रस्ता, अक्कलकोट रस्ता, जिकडे जावे तिकडे प्लॉट पडत गेले. आपले जुळे सोलापूर त्याचेच उदाहरण. उंच इमारतीत प्रत्येक चौरस फूट महाग पडतो : पाया खोल, पोलाद जास्त, लिफ्ट अनेक, अग्निशमनाची जादा सोय, आणि पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवणे. नळाला पाणी कधी येणार हे ज्या गावात घरोघरी तोंडपाठ असते, तिथे हा शेवटचा खर्च कुणाला वेगळा समजावून सांगायला नको. जमीन अतिमहाग असेल तरच हा खर्च पचतो. शेजारच्या माळावर घर स्वस्त मिळत असताना चाळिसाव्या मजल्याचे पैसे कोण मोजील?

प्रश्न : विमानतळाजवळ उंच इमारतींना परवानगी का मिळत नाही? मुंबईतही असाच नियम आहे का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : होय. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून विमान चढते व उतरते त्या मार्गाखाली, आणि भोवतालच्या ठरावीक टापूतही, उंचीची मर्यादा असते. ती धावपट्टीपासूनचे अंतर आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची यांवर ठरते. इमारत, मोबाइलचा मनोरा, चिमणी या सर्वांना ती सारखीच लागू होते. आपल्याच रस्त्यावरच्या विमानतळाजवळील साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा ठरते म्हणून २०२३ मध्ये पाडण्यात आली, हे आपण पाहिलेच असेल. मुंबईत विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला या भागांतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास याच मर्यादेपाशी अडतो. मजलेच वाढवता येत नसतील, तर रहिवाशांना मोफत घरे देऊन विकायला उरणार किती, हा विकासकाचा पहिला प्रश्न असतो. मुंबईचे सर्वांत उंच मनोरे विमानतळापासून दूर, परळ, वरळी आणि ताडदेव पट्ट्यात एकवटले, त्याला हेही एक कारण आहे.