सिम्युलेशनने संख्याशास्त्रीय अनुमान (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं) शिकवताना

पहिल्याच तासाला टी-चाचणीचं, म्हणजे दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासण्याच्या नेहमीच्या पद्धतीचं, सूत्र फळ्यावर लिहू नका. दोन गटांतल्या २० जणांचे गुण चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, चिठ्ठ्या पिसा, १०-१०चे दोन ढीग करा आणि सरासरींतला फरक ठिपक्याने मांडा. हे चार-पाच वेळा मुलांना हातानेच करू द्या. इथे घाई नको. गटांमुळे काहीच फरक पडत नसता तर काय दिसलं असतं, ते इथेच उमगतं. मग संगणकाकडून तेच ५००० वेळा करून घ्या. प्रत्यक्षातल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक कितीदा आला, ते मुलांनीच मोजावं. ते प्रमाण म्हणजे पी-मूल्य.

संख्याशास्त्रज्ञ एफ्रनचं १९७९चं बूटस्ट्रॅप, म्हणजे हातातल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अंदाज किती हलतो ते पाहणं, नंतर घ्या. त्यात उचललेली चिठ्ठी परत टाकतात. हे ठासून सांगा, नाहीतर आधीच्या पिसण्याशी हमखास गल्लत होते. आणि ५००० फेऱ्यांनी मूळ नमुना मोठा होत नाही, हेही.