विळ्याचे पाणी

‘विळ्याला पाणी दिले’ म्हणजे धार लावली का, आणि ‘पाणीदार’ माणसातले पाणी तेच का, असे तासगावच्या एका वाचकांनी विचारले आहे. पहिल्याचे उत्तर ‘नाही’. धार लावून आणायची आणि ‘पाणी देऊन आणले’ म्हणायचे, हे सांगलीत इतक्यांदा ऐकले आहे की आता कान किटले. धार दगडावर लागते, पाणी भट्टीपाशी दिले जाते. उलट विजेच्या सहाणेवर कोयता दाबून धरला आणि कडेवर निळी झाक आली, की धार लागतालागताच दिलेले पाणी उतरते. मग दोन्ही एकच कसे?

लोहार कोयत्याचे पाते लालबुंद करून त्याची कड तेवढी डोणीतल्या, म्हणजे भट्टीजवळच्या कुंडातल्या, पाण्यात बुडवतो; हेच पाणी देणे. पुरेसा कार्बन असलेले पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सियसच्या वर तापवून झटकन निववले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून तो कड विटेने घासून उजळतो आणि पाठीकडची ऊब कडेकडे सरकताना उमटणारे रंग पाहत थांबतो. फिकट पिवळा सुमारे २३० अंशांना येतो, निळा ३००च्या आसपास, आणि रंग जितका पुढे जाऊ द्यावा तितका कठीणपणा घटून चिवटपणा वाढतो. मऊ लोखंड मात्र पाणी धरत नाही, आणि तांबे तर लाल करून बुडवले तरी मऊच राहते.

आता खरी गंमत. ‘पाणीदार’ हा फारसी ‘आबदार’चा (‘आब’ म्हणजे पाणी) निव्वळ तर्जुमा, असे काही कोशप्रेमी छातीठोकपणे सांगतात. ‘दार’ फारसी आहे, हे कबूल. पण पाणी आपलेच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, खड्गलक्षणाच्या अध्यायात, पाणी देण्याच्या क्रियेला ‘शस्त्रपान’ म्हटले असून ऐश्वर्य हवे त्याने तलवारीला रक्त, गुणी पुत्र हवा त्याने तूप आणि अक्षय धन हवे त्याने पाणी पाजावे, असे सांगितले आहे. ‘पा’ म्हणजे पिणे, त्यावरून ‘पानीय’, त्यावरून ‘पाणी’. शस्त्र जे पिते ते पाणी, इतका सरळ वंश समोर असताना फारशीच्या दारात का जावे, हे मला उमगत नाही.

पाणीदार माणूस याच डोणीतला, असे माझे मत आहे. पाणीदार डोळ्यांचे पाणी मात्र मोत्याचे, म्हणजे तेजाचे.