पूर्ण झाल्याशिवाय खरं नाव नाही

प्रिय मित्रा,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा कोड वाचला, समोरच्यांच्या सर्व्हरवर फाईल चढवणारा. पुट, म्हणजे फाईल चढवण्याची आज्ञा, एररशिवाय संपतं, लॉग स्वच्छ आहे, तरी समोरच्यांना फाईल अर्धीच मिळते. लायब्ररी बदलू का, असं विचारतोयस. नको. पॅरामिकोचा, म्हणजे तू वापरतोस त्या पायथनच्या लायब्ररीचा, यात दोष नाही. फाईल चढवून झाली की ते स्वतःच सर्व्हरवरचा आकार ताडून पाहतं आणि फरक असेल तर एरर देतं. फाईल पूर्णच पोहोचते रे, पण ती चढत असतानाच समोरचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, तिला उचलून नेतो. पहिल्या बाइटपासून तू तिला खरं नाव दिलंयस, मग त्याने थांबावं तरी कशासाठी?

पूर्ण झाल्याशिवाय खरं नाव द्यायचं नाही. शेवटी '.पार्ट' लावून चढव, मग रिनेम कर. ती '.पार्ट' फाईल खऱ्या फाईलच्याच फोल्डरमध्ये ठेव, तात्पुरत्या फाईलींच्या टेम्प फोल्डरमध्ये नको. डिस्क वेगळी निघाली तर रिनेम अडतं किंवा एका झटक्यात होत नाही. जुनी फाईल आधीच तिथे असेल तर ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर साधं रिनेम अडतं. तिथे पॅरामिकोचंच पॉझिक्स_रिनेम वापर, ते जुन्या फाईलच्या जागी नवी बसवतं.

पहिल्या नोकरीत एका ग्राहकाच्या पगाराची फाईल मी एफटीपीने, म्हणजे फाईली पाठवायच्या जुन्या पद्धतीने, थेट खऱ्या नावाने टाकत असे. एकदा नेट मंद होतं. त्यांच्या प्रोग्रॅमने उचललेल्या फाईलची शेवटची ओळ अजून डोळ्यांसमोर आहे: एका बाईंचं नाव, स्वल्पविराम आणि खातेक्रमांकाचे सहाच आकडे. त्यांच्यापासून खाली कुणाचाच पगार त्या दिवशी झाला नाही. माझा कोड बरोबर आहे, असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं. वेळ दोनची ठरली होती, क्रॉन त्यांनी पावणेदोनला लावला होता. चूक त्यांचीच होती, आजही तेच म्हणेन. पण त्या बाईंना त्याचं काय?

तेव्हापासून दहा ओळींच्या स्क्रिप्टलाही मी हे करायला लावतो. पोरं कंटाळतात. कंटाळू देत. पूर्ण झाल्याशिवाय खरं नाव नाही.

आणि तुझ्या कोडमधली ती ऑटोअ‍ॅडपॉलिसीची ओळ आजच काढ, ती कुठल्याही नव्या सर्व्हरवर आपोआप विश्वास ठेवते! अनोळखी सर्व्हरची ओळख पटवणारी 'की' (किल्ली) न तपासता त्याच्या हाती पासवर्ड देतोस? मागच्या महिन्यातही हेच सांगितलं होतं.

बदल झाला की एक मोठी फाईल टाक आणि अर्ध्यात नेटची वायर काढ. सर्व्हरवर फक्त '.पार्ट' दिसली पाहिजे. खऱ्या नावाची फाईल दिसली तर लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत.