रीमॅप नंतर बघू

प्रिय मित्रा,

गाडीत करायच्या बदलांची तुझी यादी वाचली. स्टेज वन रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), इंजिनाला हवा देणारा इनटेक, उंची बदलता येणारं कॉइलओव्हर सस्पेन्शन, मागे बंपरखाली हवा वळवणारा डिफ्यूझर. गाडी पोलो १.० टीएसआय, बजेट दीड लाख, आणि कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर आजवर झालेले ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस, दोन. डिफ्यूझरपाशी हसू आलं, राग मानू नकोस. तुझ्या वयात मीही मारुतीच्या डिकीवर भलामोठा स्पॉयलर लावून फिरलोय. पार्किंगमध्ये गाडी लांबून ओळखू यायची, एवढाच त्याचा उपयोग.

यादीपेक्षा मला तू पाठवलेला लॅप टायमिंगचा, म्हणजे प्रत्येक फेरीच्या वेळेचा, कागद मोलाचा वाटला. सगळ्यात वेगवान लॅपभोवती तू लाल गोल काढलायस. मी बाकीचे अकरा पाहिले. २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर तुझ्या चांगल्या आणि वाईट लॅपमध्ये साडेचार सेकंदांचा फरक आहे. गाडी तीच, टायर तेच, दुपारही तीच. म्हणजे हे साडेचार सेकंद तुझे आहेत. रीमॅपने गाडी सरळ पट्ट्यावर जोरात पळेल, वेळ थोडा सुधारेल, आणि आपणच सुधारलो असं तुला वाटेल. माझी दोन वर्षं अशीच गेली. वेळ अडकला की नवा पार्ट, की पुन्हा खूश. मग एकदा ऐन सत्रात पाऊस आला. ओल्या ट्रॅकवर जादा ताकद कुणालाच वापरता येईना, आणि ज्यांना मी हसायचो त्या कंपनी फिटिंगच्या गाड्या एकामागून एक मला मागे टाकून गेल्या.

तू म्हणतोस, वळणातून निघताना गाडी ओढत नाही. व्हिडिओ पाहिला. ओढणार कशी? तू उशिरा ब्रेक दाबतोस, घाबरून जास्तच दाबतोस आणि तसाच स्टीअरिंग वळवतोस. टायरची पकड पगारासारखी असते. सगळी ब्रेकवर उडवलीस तर वळायला काही उरत नाही. त्यातून तुझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे वळायचं, ओढायचं आणि ब्रेकचा मोठा भारही सोसायचा, सगळं पुढच्या दोन टायरांनी. मग नाक बाहेर जातं, तू ते आत यायची वाट बघत बसतोस आणि अ‍ॅक्सिलरेटर उशिरा देतोस. निघताना गमावलेला वेग पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यावर तुला छळतो. थोडं आधी ब्रेक लाव, आणि वळणात शिरताना पाय झटकन न उचलता हळूहळू सैल कर, म्हणजे पुढच्या टायरांवरचं वजन टिकतं. हे ऐकायला सोपं आहे. मला जमायला एक अख्खा सीझन लागला.

पैसे खर्च करायचेच असतील तर ब्रेकवर कर. वेग १०० वरून १२० झाला की गाडीतली गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि ती सगळी त्याच डिस्क-पॅडना पचवावी लागते. ब्रेकमधलं डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या जुन्या फ्लुइडला १५५ अंशांचीच हमी. फ्लुइड उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. मी ते एकदा अनुभवलंय, दुसऱ्यांदा नको. ताजं फ्लुइड, बरे पॅड, चांगलं हेल्मेट आणि टायर प्रेशर गेज. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, तेव्हा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबायच्या जागी, आल्या आल्या मोजून वहीत लिही.

उरलेल्या पैशात कोल्हापूरला जा, मोहिते अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्ट, म्हणजे छोटी उघडी रेसिंग गाडी, चालव. कार्टला सस्पेन्शन नसतं, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शिअलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर जखडलेली, म्हणून आतलं चाक किंचित उचललं जाईल असं वजन टाकल्याशिवाय ते धड वळतच नाही. वजन म्हणजे काय ते तिथे फासळ्यांना कळतं.

कोइंबतूरचे रेसर आणि रेसिंग गाड्या बनवणारे करीवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही रेसिंग गाडी बनवली ती आठव. इवलंसं इंजिन, आणि सगळ्यांना जवळपास सारखीच गाडी. रेसर नारायण कार्तिकेयनची पहिली रेस याच गाडीतली, आणि २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये होता.

आणखी एक, इन्शुरन्सची पॉलिसी उघडून बघ. रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यात सहसा वगळलेलं असतं, तेव्हा ट्रॅकवर ठोकलीस तर खर्च घरचा. दीड लाखातले काही त्यासाठी बाजूला ठेव.

सलग दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत आले की तो कागद मला पाठव. मग रीमॅपचं बोलू, मीच ट्यूनर सुचवेन. कॉइलओव्हरची आगाऊ रक्कम भरली असशील तर मात्र आजच कळव, ऑर्डर रद्द होते का ते दुकानदाराशी बोलून बघतो.

तुझा,
काका