मॅनेज्ड पोस्टग्रेस घेतल्यावर डीबीएची गरज उरते का?

तुमचा प्रश्न असा आहे: व्हीएमवर (आभासी मशीनवर) स्वतः चालवत असलेला 200 जीबीचा पोस्टग्रेस डेटाबेस क्लाउडच्या मॅनेज्ड सेवेवर हलवायचा आहे. बॅकअप, पॅचिंग, फेलओव्हर (मुख्य मशीन पडली की राखीव मशीनवर जाणं) सगळं सेवा बघते, मग डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, कशाला ठेवायचा?

ठेवा. पूर्णवेळ पद परवडत नसेल तर टीममधल्या एकाला हे काम नावानिशी द्या, आणि त्याला पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (आत्ता कोणत्या क्वेरी चालू आहेत ते दाखवणारी यादी) वाचता आलंच पाहिजे. सेवा मशीन सांभाळते: ओएस, डिस्क, बायनरी, रोजचा स्नॅपशॉट, दुसऱ्या झोनमधला (वेगळ्या डेटा सेंटरमधला) स्टँडबाय, म्हणजे राखीव प्रत. डेटाबेसच्या आत काय चाललंय ते तुमचंच राहतं. "मॅनेज्ड आहे ना, मग बघायचं काय?" हे वाक्य मी इतक्या बैठकांमध्ये ऐकलंय की एकदा सविस्तर उत्तर द्यायचंच होतं.

एक उदाहरण पुरेसं आहे. चाचणीसाठीचा इन्स्टन्स (सेवेवरचा एक डेटाबेस सर्व्हर), 100 जीबी डिस्क, सगळी टेबलं मिळून 3 जीबीसुद्धा नाहीत, लिहिणारं कोणी नाही. साडेपाच दिवसांत डिस्क गच्च भरली आणि इन्स्टन्सने कनेक्शन घेणं बंद केलं. रिकामा डेटाबेस भरला कसा?

त्यावर एक लॉजिकल रेप्लिकेशन स्लॉट होता, डेबेझियमसाठी केलेला. डेबेझियम म्हणजे डेटाबेसमधले बदल वाचून दुसरीकडे पाठवणारं साधन, आणि स्लॉट म्हणजे त्याने कुठपर्यंत वाचलं याची खूण. स्लॉट एका डेटाबेसचा असतो, पण वॉल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो तो लॉग) सगळ्या क्लस्टरचा, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांचा, एकच असतो. सेवा स्वतःच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये दर 5 मिनिटांनी एक बारीकशी नोंद करत होती, आणि अर्काइव्ह_टाइमआउटही (सेगमेंट भरला नसला तरी बदलायची मुदत) 5 मिनिटांवर होता, कारण पॉइंट-इन-टाइम रिकव्हरीसाठी (डेटा हव्या त्या क्षणापर्यंत परत आणण्यासाठी) सेगमेंट, म्हणजे वॉलची फाइल, लवकर बाहेर पाठवावा लागतो. सेगमेंट बदलला की आत दोनच ओळी असल्या तरी डिस्कवर पूर्ण फाइल धरली जाते. मूळ पोस्टग्रेसमध्ये ती 16 एमबीची असते, त्या सेवेवर 64 एमबीची होती. तासाला 12 फाइली म्हणजे 768 एमबी, दिवसाला 18 जीबी. आता उरलेल्या 97 जीबीला 18 ने भागा.

एरवी या फाइली चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरले की) पुन्हा वापरल्या किंवा काढल्या जातात. इथे स्लॉटने त्या अडवल्या. डेबेझियम ज्या डेटाबेसवर कान लावून बसला होता तिथे एकही बदल होत नव्हता, त्यामुळे "इथपर्यंत वाचलं" अशी पोच तो देत नव्हता आणि रीस्टार्ट_एलएसएन (स्लॉटला वॉल जिथपासून हवा ती जागा) जागचा हलत नव्हता. स्लॉटचा अ‍ॅक्टिव्ह कॉलम मात्र सगळा वेळ ट्रू होता. "स्लॉट बंद पडला तर कळवा" असा अलर्ट इथे कधीच वाजला नसता.

डिस्क भरल्यावरची अडचण आणखी वाईट. स्लॉट काढायला लॉगिन हवं, लॉगिन होत नाही. मशीनवर एसएसएच (दुरून आत शिरायची सोय) नाही, त्यामुळे हाताने काहीच करता येत नाही. आधी डिस्क वाढवायची, मग आत जाऊन पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट चालवायचं. वाढवलेली डिस्क सहसा जागच्या जागी कमी करता येत नाही, आणि एकदा वाढवल्यावर पुढचा बदल काही तास करू देत नाहीत. त्यामुळे घाबरून 2,000 जीबी टाकू नका, नाहीतर लहान डिस्कवर परतायला नवा इन्स्टन्स उभा करून डेटा हलवावा लागेल.

उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. पहिला, त्याच डेटाबेसमध्ये एक ओळीचं हार्टबीट टेबल करून ते पब्लिकेशनमध्ये (बाहेर पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घाला आणि डेबेझियमच्या हार्टबीट क्वेरीने ती ओळ दर मिनिटाला अपडेट करा. टेबल पब्लिकेशनमध्ये घालायचं लोक विसरतात, मग हार्टबीट चालूनही स्लॉट हलत नाही. दुसरा, मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ, म्हणजे स्लॉटसाठी किती वॉल धरून ठेवायचा याची मर्यादा. हे सेटिंग पोस्टग्रेस 13 पासून आहे आणि डिफॉल्ट -1, म्हणजे अमर्याद. 100 जीबीच्या डिस्कवर 20 जीबी ठेवा. मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो (वॉल_स्टेटस "लॉस्ट" दिसतं) आणि कन्झ्युमरला (बदल वाचणाऱ्याला, इथे डेबेझियमला) सुरुवातीपासून स्नॅपशॉट घ्यावा लागतो. त्रास होतो, पण डेटाबेस जिवंत राहतो. तिसरा, अलर्ट: पीजी_वॉल_एलएसएन_डिफला चालू एलएसएन आणि स्लॉटचा रीस्टार्ट_एलएसएन दिला की मागे पडलेले बाइट्स मिळतात. 5 जीबीला इशारा, 10 जीबीला फोन.

यात सेवेचं काही चुकलं नाही. स्नॅपशॉट झाले, मशीन चालू होती, मोकळी जागा घटत असल्याचा आलेखही दिसत होता. जागा कोण खातंय हे मात्र आलेख सांगत नाही. ते शोधायला पोस्टग्रेस कळणारा माणूसच लागतो.

बॅकअपचंही तेच. पॉइंट-इन-टाइम रिस्टोअर चालू इन्स्टन्सवर होत नाही. नवा इन्स्टन्स, नवा एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता) मिळतो, आणि पॅरामीटर, फायरवॉल नियम नीट लागलेत का ते तपासावं लागतं. शिवाय स्नॅपशॉटमधून आलेले ब्लॉक बहुतेकदा पहिल्या वाचनाला मागच्या साठ्यातून ओढले जातात, त्यामुळे "अव्हेलेबल" दिसल्यावरही क्वेरी बराच वेळ रेंगाळतात. तिमाहीत एकदा रिस्टोअर करून घड्याळ लावा. वेळ मोजायचा तो अ‍ॅपची नेहमीची क्वेरी नेहमीच्या वेगाने धावेपर्यंत. आणि आठवड्याला एक पीजी_डंप (सगळा डेटा फाइलींमध्ये उतरवणं), डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, -जे 4 लावून, वेगळ्या अकाउंटमध्ये. इन्स्टन्स डिलीट केला की त्याचे आपोआप घेतलेले बॅकअपही अनेकदा जातात.

फेलओव्हरला एक-दोन मिनिटं धरा. त्यानंतरही अ‍ॅप जुन्याच आयपीला चिकटलं असेल तर जेव्हीएमचा (जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा) डीएनएस कॅश, म्हणजे साठवून ठेवलेला जुना पत्ता, बघा. मेजर अपग्रेडनंतर लगेच अ‍ॅनालाइझ चालवा, कारण पोस्टग्रेस 18 च्या आधी पीजी_अपग्रेड स्टॅटिस्टिक्स (टेबलांत काय, किती आहे याचे अंदाज) सोबत नेत नाही आणि प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आंधळा होतो. 17 च्या आधीच्या आवृत्तीवरून जात असाल तर लॉजिकल स्लॉटही टिकत नाहीत. कनेक्शनसाठी पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शनं अनेकांत वाटणारं साधन) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावा, पण सेशनवर टिकणारे सेट (सेटिंग बदलणाऱ्या आज्ञा) आणि अ‍ॅडव्हायझरी लॉक तिथे मोडतात.

हे वाचून व्हीएमवरच राहा असं कोणी समजू नये. 200 जीबीला मी मॅनेज्डच घेईन. रात्री डिस्क बदलणं, स्टँडबाय उभा करणं, वॉल अर्काइव्हिंग सांभाळणं ही मोठी कामं खरंच सुटतात. हलवण्याआधी मात्र एक्सटेन्शनची (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा भागांची) यादी सेवेच्या यादीशी ताडून बघा. खरा सुपरयुझर (सगळे अधिकार असलेलं खातं) तिथे मिळत नाही, त्यामुळे यादीत नसलेलं सी एक्सटेन्शन नंतर बसवता येणार नाही. खर्चाची तुलना मी केलेली नाही, ती तुमच्या लोडवर ठरेल.

मायएसक्यूएलवाल्यांनी वरचा स्लॉटचा भाग उलटा वाचावा. तिथे बिनलॉग (मायएसक्यूएलचा बदलांचा लॉग) कन्झ्युमरसाठी थांबत नाही, मुदत संपली की पुसला जातो. मूळ मायएसक्यूएल 8.0 मध्ये ती मुदत 30 दिवस आहे, मॅनेज्ड सेवांवर बरेचदा फार कमी असते. डिस्क भरत नाही, पण कन्झ्युमर शनिवार-रविवार बंद राहिला तर सोमवारी मधले बदल मिळतच नाहीत. मॅनेज्ड सेवेवर ती मुदत कमी असेल तर आजच वाढवून किमान 3 दिवस करा.