फाटलेल्या शब्दांचं कुळ

प्रश्न : रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘शिस्टोसाइट्स’ असा शब्द आहे. याचा स्किझोफ्रेनियाशी काही संबंध?

उत्तर : आजारांचा नाही, नावांचा आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘चिरणे, फाटणे’ या अर्थाचा एकच ग्रीक धातू. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये दिलं. त्यांना म्हणायचं होतं ते विचार आणि भावनांची फारकत; एका देहात दोन माणसं नव्हे. तो समज काही केल्या जात नाही!

शिस्टोसाइट म्हणजे फाटलेली लाल पेशी. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना ती स्लाइडवर पटकन ओळखू येते : कुठे त्रिकोणी तुकडा, कुठे दोन शिंगं, मधला फिकट गोल गायब. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्यांचे धागे ताणले गेले की त्यांवर आपटून पेशी चिरतात. हृदयातल्या कृत्रिम झडपेमुळेही हे होतं. एखाददुसरी दिसली तर घाबरू नका. पण सोबत प्लेटलेट्स घटल्या असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

याच कुळातलं ‘गॅस्ट्रोस्कायसिस’ हे एका जन्मजात व्यंगाचं नाव मात्र फसवं आहे. ऐकून वाटतं जठरच फाटलंय, पण बाळाचं जठर शाबूत असतं. फट असते पोटाच्या भित्तीला, बहुधा बेंबीच्या उजवीकडे.